अन्नाचे मोल आणि अन्नाचे ऋण

छत्रपती संभाजीनगरहून श्री घृष्णेश्वराच्या दर्शनास निघालेला भाविक दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढतो, खुलताबाद ओलांडतो आणि उताराने वेरूळच्या परिसरात येतो. श्रावणमासात या वाटेच्या दोन्ही अंगांस बाजरी, मका, कपाशी आणि तूर उभी असते. मन दर्शनाकडे लागलेले असल्याने या पिकांकडे त्याचे विशेष लक्ष जात नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचेही कारण नाही. दर्शन होते, अभिषेक होतो. त्यानंतर एखाद्या अन्नछत्रात, धर्मशाळेत किंवा आप्तांच्या घरी पान मांडले जाते. भोजन आटोपताच तृप्त मुखातून सहज उद्गार निघतो, ‘अन्नदाता सुखी भव’.

हा आशीर्वाद नेमका कोणास पोहोचतो? ज्याने त्या दिवसाच्या अन्नदानाची देणगी दिली तो यजमान, असे उत्तर तात्काळ मिळते, व ते चुकीचेही नाही. अन्नदान हे श्रेष्ठ दानांपैकी एक होय, आणि यजमानाची श्रद्धा निःसंशय आदरास पात्र आहे. अन्नछत्राच्या भिंतीवरील संगमरवरी फलकावर त्याचे नाव कोरलेले असते. परंतु यजमानाने दिले ते धन होते. त्या धनातून गहू, तांदूळ, डाळ, तेल, गूळ विकत आणले गेले. ज्यांच्या शेतात ते पिकले, त्यांची नावे कोणत्याही फलकावर नसतात. ती शोधूनही सापडणार नाहीत. कारण एका पातेल्यातील वरणात किती शिवारांची तूर एकत्र आलेली असते, हे सांगणे कोणास शक्य आहे?

येथे व्यवहारी मनुष्य एक आक्षेप घेतो. तो म्हणतो, शेतकऱ्याने धान्य दिले हे खरे, परंतु फुकट दिले नाही. त्याचे मोल त्याला मिळाले. विणकर वस्त्र देतो, कुंभार घट देतो, सुतार पाट देतो; त्यांनाही मोल मिळते. पैठणची पैठणी नेसून देवळात येणारी स्त्री विणकराचे ऋण मानत बसत नाही. मग अन्न पिकविणाऱ्याचेच ऋण वेगळे का मानावे? मोल चुकते केले की देणे संपले, हाच व्यवहाराचा न्याय नव्हे काय?

हा आक्षेप भावनेच्या भरात झटकून टाकण्यासारखा नाही. मोल देणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, आणि शेतकऱ्याला दयेपेक्षा रास्त मोलच अधिक हवे असते. वाटेवर दौलताबादची सीताफळे पाटीत मांडून बसलेली बाई ग्राहकाकडे कृतज्ञता मागत नाही. घासाघीस न करता दाम द्यावा, इतकीच तिची अपेक्षा असते. तथापि मोल दिले म्हणजे ऋण फिटले, हे मात्र खरे नाही. याचे उत्तर शास्त्रग्रंथांत शोधण्यापूर्वी ते शेतकऱ्याच्या स्वतःच्या अंगणात शोधावे.

मराठवाड्यात श्रावण अमावास्येला पोळा असतो. आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद व तूप चोळून खांदेमळणी करतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्याला देतात. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. शिंगे रंगवून, झूल घालून त्याला मिरवितात, घरची लक्ष्मी त्याचे पाय धुते, त्याला ओवाळते व पुरणपोळीचा घास भरविते. आता हा बैल शेतकऱ्याला फुकट मिळालेला नसतो. बहुधा तो बैलबाजारातून रोख दाम मोजून, कित्येकदा कर्ज काढून आणलेला असतो. त्याच्या वैरणीचा व पेंडीचा खर्चही रोजचाच. व्यवहाराच्या न्यायाने पाहिले तर मालक बैलाचे काहीच देणे लागत नाही. तरीही तो वर्षातून एकदा त्याच्यापुढे हात जोडतो. मोलाने वस्तू आपली होते, परंतु तिच्यासाठी कोणी उपसलेले कष्ट फिटत नाहीत, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यातील बैल कमी झाले आहेत. पण ज्या घरी बैल उरला नाही, तेथेही मातीची जोडी पाटावर मांडून पूजा होते.

म्हणजे प्रश्न फिरून ग्राहकाकडेच येतो. शेतकरी बैलाचे जे मानतो, ते शेतकऱ्याचे कोणी मानावे की नाही?

विणकर, कुंभार आणि शेतकरी यांच्या श्रमांत उच्चनीच करण्याचे कारण नाही. भेद आहे तो जोखमीचा. कुंभाराचा आवा बिघडतो तेव्हा एका आव्याची हानी होते. शेतकऱ्याचे बिघडते ते वर्ष असते. मृगाच्या सुमारास तो बी, खत व मजुरी यांचे पैसे मातीत टाकतो. त्या वेळी पाऊस किती पडेल हे त्याला ठाऊक नसते, आणि पीक हाती आल्यावर भाव काय मिळेल हेही ठाऊक नसते. पावसाने ओढ दिली की दुबार पेरणी आली, म्हणजे तोच खर्च पुन्हा. मराठवाड्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. वैजापूर, गंगापूरच्या शिवारात ढग येतात आणि पुष्कळदा तसेच पुढे जातात. पीक तयार झाल्यावर तो माल गाडीत भरून मोंढ्यात आणतो. तेथे लिलावाची बोली दुसरे बोलतात. हमाली, तोलाई व गाडीभाडे हा खर्च भाव पडला म्हणून कमी होत नाही, आणि कांद्यासारखा नाशवंत माल परत घरी नेणे परवडत नाही. बी-बियाणे घेताना भाव दुकानदाराचा आणि धान्य विकताना भाव घेणाऱ्याचा, अशा रीतीने दोन्हीकडे दुसऱ्याच्या शब्दाने चालणारा दुसरा व्यवसाय क्वचितच आढळेल. केंद्र शासन प्रमुख पिकांची किमान आधारभूत किंमत जाहीर करते, आणि त्यासाठी शिफारस करणारा आयोग १९६५ पासून आहे. परंतु जाहीर झालेली किंमत आणि प्रत्यक्ष हाती पडलेली किंमत यांत पुष्कळदा अंतर राहते.

ग्राहक जे मोल देतो ते पिकलेल्या धान्याचे असते. जे पिकले नाही, त्यासाठी झिजलेल्या देहाचे मोल कोणी देत नाही. २०१७ साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली. तेव्हा ज्यांची बोंडे किडली, त्यांनीही नांगरणी, पेरणी व खुरपणी तितकीच केली होती. २०१२-१३ च्या दुष्काळात संभाजीनगर व जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा वाळल्या. लेकराप्रमाणे वाढविलेली झाडे जगविण्यासाठी शेतकऱ्यांनी विकतच्या टँकरचे पाणी घातले आणि अखेर कित्येकांनी आपल्याच हाताने ती तोडली. उलट २०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. उभी पिके तर गेलीच, पण नदीकाठची जमीन खरडून वरची माती वाहून गेली. ती माती तयार होण्यास किती पिढ्या लागल्या असतील? अशा वर्षी बाजारात धान्य थोडे महाग होते, दुसऱ्या प्रांतातून येते, आणि खाणाऱ्याच्या ताटातील भाकरी चुकत नाही. सर्वांच्या ताटाची निश्चिंती एकाच्या अनिश्चितीवर उभी आहे, आणि मोलात न मावणारे ऋण ते हेच.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून गावोगावी आहेत. अन्न पिकविणाऱ्यावरच अन्नासाठी रांगेत उभे राहण्याची पाळी त्या वर्षी आली. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी रेशनवर मिळे, आणि दुष्काळी कामावर सुकडी वाटली जाई. मोठमोठी शेते असलेले कुणबी बायकामुलांसह खडी फोडण्यास गेले. त्यांच्या हातांनी रस्ते, पाझर तलाव आणि नालाबंधारे झाले, व त्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या प्रयत्नांनी आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याचा आधार मिळाला. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी झालेल्या रोजगार हमी कायद्यापुढे महाराष्ट्राचे हेच उदाहरण होते. मराठवाड्यातील शेतकऱ्याने धान्याच्या पलीकडे देशाला जे दिले, त्यात या घामाचीही गणना करावी लागेल.

आणि पाण्याची? शहरात मुक्कामास उतरलेला भाविक सकाळी स्नान करतो ते पाणी पैठणच्या नाथसागराचे असते. संत एकनाथ महाराजांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाची, म्हणजे जायकवाडी धरणाची, पायाभरणी ऑक्टोबर १९६५ मध्ये तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली. जवान आणि किसान यांचा एका श्वासात जयजयकार करणारी घोषणा त्यांनी दिली तेही हेच वर्ष. १९७६ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले. त्या अवधीत गोदाकाठची अनेक गावे उठली. शेतकरी ज्यांना काळी आणि पांढरी म्हणतो, त्या दोन्ही, म्हणजे कसदार जमीन आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती, पाण्याखाली गेल्या. जमिनीचा मोबदला ठरला व दिला गेला. त्याचे हिशेब सरकारी दप्तरात आहेत. पण ज्याच्या काळीवर आज शहराची तहान आणि कारखान्यांची चाके अवलंबून आहेत, त्याचे देणे मोबदल्याच्या पावतीने संपले असे म्हणण्यास जीभ धजत नाही.

महाराष्ट्रात शेतकऱ्याला बळीराजा म्हणतात. दिवाळीच्या पाडव्याला, बलिप्रतिपदेस, बळीचे राज्य यावे अशी कामना करीत घराघरांत ओवाळणी होते. हे नाव आता इतके रुळले आहे की त्यामागची कथा विसरली गेली. प्रल्हादाचा नातू बळी हा दात्यांमध्ये अग्रगण्य. साक्षात विष्णू वामनरूपाने त्याच्या दारी याचक होऊन आले. गुरू शुक्राचार्यांनी सावध केले असताही त्याने दिलेला शब्द फिरविला नाही, दोन पावलांत सर्वस्व गेले आणि तिसऱ्या पावलासाठी त्याने स्वतःचे मस्तक पुढे केले. बहुतेकांना कथा येथपर्यंतच ठाऊक असते. परंतु पुराणातील कथा येथे संपत नाही. बळीस सुतललोकी पाठविल्यावर भगवंत वैकुंठी स्वस्थ बसले नाहीत. ते बळीच्या दाराशी द्वारपाल होऊन उभे राहिले. ज्याच्याकडून घेतले, त्याची राखण करणे देवालाही चुकले नाही.

शेतकऱ्यास बळीराजा म्हणणाऱ्याने या कथेचा उत्तरार्धही स्वीकारला पाहिजे. केवळ पूर्वार्ध घेतला तर ते नाव म्हणजे दुसऱ्याने सर्वस्व देत राहावे अशी सोयीस्कर अपेक्षा ठरते. सभेत बळीराजाचा जयजयकार करावयाचा आणि त्याच सायंकाळी कोथिंबिरीच्या जुडीमागे दोन रुपये कमी करावयास लावावयाचे, हे नित्य दिसणारे दृश्य आहे. गौरवाचे शब्द स्वस्त असतात, आणि कधी कधी ते देणे टाळण्याचा मार्गही असतात. २०१५ या एका वर्षात मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांत एक हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याची शासकीय नोंद आहे. त्या घरांतील प्रत्येक कर्ता पुरुष भाषणांमधून बळीराजाच होता. नापिकी, कर्ज, पडलेले भाव, मुलीचे लग्न, आजारपण अशी कारणे पुढे सांगितली जातात, आणि ती खरीही असतात. पण त्या वेळी त्याच्या दाराशी राखणीला कोण उभे होते, हा प्रश्न त्या याद्यांत विचारला जात नाही.

मोलाविषयीही वेरूळच्या भूमीत एक निराळी आठवण काढता येते. वेरूळ हे भोसले घराण्याचे मूळ गाव, आणि श्री घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी केल्याची परंपरा आहे. पुढे अठराव्या शतकात अहिल्यादेवी होळकर यांनी आजचे मंदिर उभे केले. मालोजीराजांचे नातू छत्रपती शिवाजी महाराज यांचे १६७३ सालचे, चिपळूणजवळील छावणीतील अधिकाऱ्यांस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेस कोणी काडीचाही त्रास देऊ नये, लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, असा त्याचा आशय. राजाच्या सैन्यालाही मोल चुकविण्याची मुभा नव्हती. मोल देणे ही पहिली पायरी आहे. जो ही पायरीच चढला नाही, त्याने ऋण, कृतज्ञता आणि दान यांविषयी बोलण्यात अर्थ नाही. धान्याचा भाव पाडून मिळविलेल्या नफ्यातील काही भाग अन्नदानास देणाऱ्याला पुण्य किती लाभेल, हे ईश्वरच जाणे. परंतु ज्याचे होते त्याला आधी पोहोचले असते तर बरे झाले असते, असे कोणाही सरळ मनाच्या माणसास वाटेल.

हा विचार देवस्थानांनी स्वतःसही लावून पाहावा. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात सरकारी अंमलदार व सावकार यांच्याबरोबर धर्माच्या नावाने शेतकऱ्याकडून होणाऱ्या वसुलीवरही कठोर टीका आहे. ती कटू वाटली तरी वगळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देवळांचे नंदादीप आणि नैवेद्य शतकानुशतके इनाम जमिनींच्या उत्पन्नावर चालले, आणि त्या जमिनी कसणारे हात शेतकऱ्यांचेच होते. देवापुढे ठेवलेल्या प्रत्येक पानात देवस्थान हे दात्याइतकेच ऋणकोही असते. २०१२-१३ आणि २०१९ सारख्या वर्षी मराठवाड्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, गावे टँकरवर अवलंबून राहिली. दुष्काळाच्या वर्षी छावणीत पोहोचलेली वैरणीची एक गाडी हे उत्सवातील रोषणाईपेक्षा कमी प्रतीचे दान समजण्याचे कारण नाही. देणगी देणाऱ्याने इच्छा दर्शविली तर विश्वस्तांनाही अशा कार्याकडे वळणे सुलभ जाते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अन्न पर्जन्यापासून, पर्जन्य यज्ञापासून आणि यज्ञ कर्मापासून होतो, अशी साखळी सांगितली आहे. आणि या चक्रातून जे मिळते त्याची परतफेड न करता जो केवळ भोगतो, त्याला चोर हा शब्द वापरला आहे. शब्द कठोर आहे. मोल देणारा मनुष्य स्वतःस चोर समजत नाही, कारण त्याचा हिशेब दुकानदारापाशी पुरा झालेला असतो. चक्राचा हिशेब मात्र दुकानापाशी संपत नाही. माती, पाऊस, बैल, खुरपणीस व कापूस वेचणीस येणाऱ्या मजूर स्त्रिया, हे सर्व त्यात येतात. शेतातील बहुतांश निगुतीचे काम ज्या करतात, त्या स्त्रियांची नावे सातबाऱ्यावर आजही कमीच दिसतात. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून पत्नीच्या नावे जमीन करण्यास शेतकऱ्यांना प्रवृत्त केले, ते याच जाणिवेतून. म्हणजे देणे लागणाऱ्यांच्या रांगेत स्वतः शेतकरीही उभा आहे, आणि निदान काही शेतकऱ्यांनी ते मान्य करून दाखविले.

तीर्थयात्रा घडली नाही याची खंत शेतकऱ्याच्या मनात पुष्कळदा असते. आषाढी वारीचा काळ पेरणीचाच असतो. पाऊस झाला की वापसा धरून पेरावे लागते, आणि पंढरीची वाट राहून जाते. अशांसाठी संत सावता महाराजांचे चरित्र मोठा आधार आहे. माढा तालुक्यातील अरण येथे ते आपला मळा पिकवीत राहिले. कांदा, मुळा, भाजी यांतच त्यांनी विठ्ठल पाहिला. इतर संतांच्या पालख्या पंढरपुरास जातात. सावता महाराजांच्या भेटीस मात्र पांडुरंगाचीच पालखी अरणला येते, अशी परंपरा आहे. वारकरी संप्रदायाने शेताच्या बांधाला दिलेला हा मान होय. वेरूळच्या क्षेत्रकथेतही मातीचे माहात्म्य आहेच. शिवभक्त घुश्मा नित्य मातीची पार्थिव लिंगे घडवून पूजा करी व ती सरोवरात विसर्जित करी, आणि तिच्या भक्तीने प्रसन्न होऊन शंकर येथे ज्योतिर्लिंगरूपाने राहिले, अशी पुराणकथा आहे. ज्या मातीतून तिने देव घडविला, तिच्यातच बाजरी उगवते.

श्रावणी सोमवारी पहाटेच्या रांगेत आसपासच्या खेड्यांतील शेतकरी उभे असतात. पेरणी व पहिली खुरपणी उरकलेली असते, तेवढीच उसंत. गाभाऱ्यात जाताना ते इतरांप्रमाणेच सदरा काढून हातात घेतात, आणि मग उन्हाने रापलेले हात व मान आणि त्यामानाने उजळ पाठ यांवरून ते सहज ओळखू येतात. कोणी बेल आणतो, कोणी आपल्या शेतातले पहिले कणीस. मागणे विचारले तर बहुधा पाऊस हेच असते, आणि तो काही एकट्याच्याच शेतावर पडत नाही. दर्शन होताच त्यांची परतण्याची घाई सुरू होते. दुपारच्या पंगतीस त्यांतील फार थोडे थांबतात. घरी गुरे बांधलेली असतात, आणि सायंकाळी धारेची वेळ टळून चालत नाही.